दोन नंबर प्रेसवालीचा जबाब

मी थापाड्या आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डहाणूच्या बाजारात कुणालाही विचारा. खाडीच्या तोंडाशी मी एकदा एवढा मासा पाहिला की डोकं डहाणूला, शेपूट उंबरगावला, आणि मधल्या गावांतले लोक त्याच्या पाठीवर जाळी वाळत घालत होते. आमच्या परसातल्या चिकूला एका वर्षी इतकं फळ धरलं की फांदी वाकून शेजाऱ्याच्या खिडकीतून आत गेली. त्याच्या बायकोनं आतल्या आत फळ उतरवून घेतलं आणि वर आमच्याकडेच टोपली मागायला आली. लोक हसतात, चहा सांगतात, आपलं चालतं. चौदा साली, पन्नाशी उलटल्यावर, याच गुणावर मला तलासरीला नोकरी लागली.

हायवेच्या कडेला पत्र्याची मोठी शेड. आत बिजागऱ्या आणि कड्या बनायच्या, कपाटांच्या, सगळा माल परदेशी जायचा. मी डहाणूहून सकाळच्या गाडीनं जायचो. माझ्या कार्डावर ‘कम्प्लायन्स ऑफिसर’ असं छापलं होतं. बायकोला त्याचा अर्थ सांगताना मी म्हणालो, “कलेक्टरच्या खालोखाल.” ती म्हणाली, “किती खालोखाल?”

काम असं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आमची कंपनी दर वर्षी लिहून द्यायची: आमच्याकडे यंत्रं सुरक्षित आहेत, माणसं सुरक्षित आहेत, कुणाला इजा झालेली नाही, झाली तर लपवलेली नाही. या लेखी शब्दावर माल उचलला जायचा. आणि शब्द खरा आहे का हे पाहायला त्या गिऱ्हाइकानं नेमलेला ऑडिटर वर्षातून एकदा यायचा. हिशेब तपासायला नव्हे. आम्ही लिहून दिलं तसे वागतो का, एवढंच पाहायला. त्याला दाखवायचे कागद मी तयार करायचो.

आणि काय कागद करायचो! सुरक्षा समितीची सभा कधी भरलीच नाही, पण तिची इतिवृत्तं माझ्याकडे बारा महिन्यांची बारा. त्यात वाद, सभात्याग, एकदा तर एका सदस्याच्या डोळ्यात पाणी. आगीच्या कवायतीचा अहवाल असा लिहिला की सगळ्या बाया दोन मिनिटांत बाहेर, एकच बाई चहाची किटली वाचवायला परत आत गेली म्हणून तिला समज दिली. पहिल्या वर्षी आलेला ऑडिटर किटलीपाशी थांबला आणि म्हणाला, “इतका प्रामाणिक अहवाल मी पाहिला नाही.” मॅनेजरनं त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली. “काका, तमे छो तो चिंता नथी.” तुम्ही असताना काळजी कसली, असं त्याचं म्हणणं.

आता प्रेसचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. लोखंडी पट्टी साच्यावर ठेवायची, वरून प्रेस पडते, बिजागरीचा आकार बाहेर. प्रेसला दोन हिरवी बटणं, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस पडत नाही. म्हणजे ती पडते तेव्हा दोन्ही हात बाहेर. ज्यानं हे शोधून काढलं त्याला माणसाची चांगली ओळख होती. पण असं काम केलं तर रोजचा आकडा गाठता येत नाही. म्हणून डावं बटण खिट्टी मारून कायमचं दाबून ठेवायचं. उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं पट्टी आत, पट्टी बाहेर. आकडा दुप्पट.

खिट्ट्या कंपनी देत नव्हती. कंपनी कशाला देईल? बाया घरून करून आणायच्या, आसपासच्या पाड्यांतून येणाऱ्या बाया, चिकूच्या लाकडाच्या, कारण ते लाकूड दबत नाही. प्रत्येकीची वेगळी. कुणाची टोकाला जळलेली, कुणाची दोरा बांधलेली. संध्याकाळी कनवटीला लावून घरी न्यायच्या. ऑडिटच्या दिवशी सकाळी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन रांगेतून फिरायचो आणि सगळ्या खिट्ट्या गोळा करायचो. ऑडिटरची गाडी फाटकाबाहेर पडली की डबा उघडायचा. “माझी ती नव्हं, काका, ती काळी.” “अगं ती माझी, तुझी भेगलेली.” माहेरची भांडी ओळखावीत तशा ओळखायच्या.

ऑडिटला लोक नावं ठेवतात, म्हणतात सगळा देखावा. मी ठेवत नाही. ऑडिट आलं की त्या दिवशी सकाळपासून मागचा दरवाजा उघडा राहायचा, पाण्याच्या टाकीत खाली हात दिसेल इतकं स्वच्छ पाणी, पंखे चालू, आकडा अर्धा, खिट्ट्या डब्यात. वर्षातला तेवढा दिवस आमचा कारखाना आम्ही लिहून दिला होता तसा असायचा. त्या दिवशी कधी कुणाचं नख तुटलेलं मला आठवत नाही. उरलेल्या दिवसांची हमी मी कागदावर द्यायचो.

सोळा साली, ऑडिटला दोन महिने होते, दोन नंबर प्रेस एकदा दाबली आणि दोनदा पडली. तिथं तलासरीजवळच्या पाड्यातली एक बाई बसायची, तिशीतली, कामाला सगळ्यांत चलाख. डावा हात आत होता. मधली दोन बोटं गेली आणि उरलेल्यांपैकी एक वाकडं झालं ते वाकडंच राहिलं.

मी ऑफिसात सुरक्षा सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. ओरडणं ऐकून गेलो तेव्हा ती ओरडत नव्हती, शेजारची ओरडत होती. ही खाली बसून उजव्या हातानं साच्याखाली उडालेली खिट्टी शोधत होती. मॅनेजर म्हणाला, कासा गावच्या सरकारी दवाखान्यात नको, तिथं कागद होतील. कंपनीच्या गाडीतून तिला गुजरातच्या हद्दीपलीकडच्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी. तिचं लक्ष वळवायला मी तिला माशाची गोष्ट सांगत होतो. उंबरगावच्या शेपटीपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, “काका, गप बसा.”

अपघाताच्या रजिस्टरात मी त्या दिवशी ‘निरंक’ लिहिलं. तिच्या रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, ‘घरी गवत कापताना विळा लागला’. विळ्याची कल्पना माझी. मॅनेजर नुसतं ‘घरगुती कारण’ म्हणत होता. मी म्हटलं, छे, खोट्याला धार हवी.

ती महिन्यानं परत आली. तिला पॅकिंगमध्ये बसवलं आणि सांगितलं, ऑडिट होऊ दे, मग बघू. तिचं मागणं एवढंच होतं की हात मशीनमध्ये गेला असं लिहावं. तसं लिहिलं तर वाकड्या बोटाचं ऑपरेशन कंपनीला करावं लागेल आणि बसायचं काम तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही. नाही लिहिलं तर ती घरी विळा लागलेली बाई, आज आहे उद्या नाही. हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

त्या वर्षी मी एक नवीन युक्ती काढली होती. आधीचा ऑडिटर बायांना एकेकटं बोलवून प्रश्न विचारायचा, कंपनीचं माणूस खोलीत नको म्हणायचा, आणि बाया काहीबाही बोलून बसायच्या. आमच्या बाया बाजारात मराठी बोलतात, दुकानात गुजराती, टीव्हीमुळे हिंदी समजते, आणि घरात त्यांची बोली. मी सांगितलं, ऑडिटच्या दिवशी मराठी विसरायचं. हिंदी विसरायचं. काहीही विचारलं तरी घरच्या बोलीत बोलायचं, म्हणजे त्याला दुभाषा लागेल, आणि तलासरीत दुभाषा आणणार कुठून? मला ती बोली येते. माझे वडील आतल्या पाड्यांवर मास्तर होते, माझं लहानपण त्या बोलीत गेलं. बायांना मी म्हटलं, “एकीनंही मराठी बोललं तर ऑर्डर जाईल, आणि सगळ्यांचं काम जाईल.” हे अगदीच खोटं नव्हतं. तेच तर वाईट.

ऑडिटर आला. सडपातळ माणूस, हिंदी बोलायचा, पाण्याची बाटली आणि डबा स्वतःचा. चहाला हात लावला नाही. आम्ही त्याच्या गाडीत चिकूची पेटी ठेवली. त्यानं ती स्वतः उचलून फाटकावरच्या वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली आणि त्याची नोंद केली. मी त्याला सभात्यागाचं इतिवृत्त दाखवलं. त्यानं वाचलं आणि विचारलं, “हे लिहितं कोण?”

“समितीचे सचिव,” मी म्हटलं.

“त्यांना भेटवा.”

“रजेवर आहेत. मुलीचं लग्न.” सभाच नव्हती तिथं सचिव कुठला, पण मी त्याच्या मुलीचं लग्नसुद्धा लावून दिलं.

मग तो प्रेसच्या रांगेपाशी उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खिट्ट्या डब्यात होत्या, दोन्ही बटणं मोकळी. बाया दोन्ही हातांनी दाबत होत्या, आणि दर खेपेला डावा हात सवयीनं आत जायचा, थबकायचा, परत यायचा. जो हात वर्षभर आत जातोय तो एका दिवसात कसा विसरेल? बायांना स्वतःचंच हसू येत होतं. ऑडिटर हसला नाही. त्यानं वहीत लिहिलं, मग नजर फिरवली आणि पॅकिंगच्या टेबलाशी पदरात डावा हात गुंडाळून बसलेली ती त्याला दिसली. “इनसे बात करनी है।”

कॉन्फरन्स रूममध्ये तो, ती, आणि दार अर्धवट लोटून बाहेर मी. त्यानं विचारलं, हाताला काय झालं? तिनं बोलीत उत्तर दिलं, सांगितल्याप्रमाणे. त्यानं पुन्हा विचारलं, हळू. ती पुन्हा बोलीत. मग दार उघडलं. नियमानं मला आत घेता येत नव्हतं, आणि दुसरं कुणी नव्हतं. त्यानं बराच विचार केला, वहीत काही लिहिलं आणि म्हणाला, “आप सिर्फ उतना ही बोलिए जितना ये बोलें।”

तिनं सांगितलं. मी इथं मराठीत देतो: मशीन दोनदा पडली, डाव्या बटणाला खिट्टी होती, सगळ्यांच्याच असतात, आज काकांच्या डब्यात आहेत.

मी हिंदीत सांगितलं, “ती म्हणते, घरी गवत कापत होते, विळा निसटला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ऑडिटरकडे नाही. तिला हिंदी समजते. आमच्या शेडमधल्या प्रत्येक बाईला समजते. तिला वाटलं असावं की मी घाबरून चुकलो. कारण तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी सोप्या शब्दांत, मधे थांबत, लहान मुलाला सांगावं तसं. मला एक संधी दिली तिनं.

आणि मी? मी गवताला रंग भरला. म्हटलं, विळा तिच्या सासऱ्याचा होता, नवीन धार लावलेली, आणि गाय ओढत होती म्हणून लक्ष गेलं. गाय! तिच्याकडे गाय नव्हती.

तिनं डाव्या हातावर पदर पुन्हा ओढला. तोंडात मराठी होतं तिच्या, माझ्यापेक्षा स्वच्छ. एक वाक्य पुरलं असतं. ऑडिटरनं विचारलं, “बस इतना ही?” तिनं होकाराची मान हलवली. मी दारातून बाहेर पडताना मला दिसलं, तिनं उजव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती.

संध्याकाळी डबा उघडला तेव्हा खिट्ट्या घ्यायला बाया आल्या, पण कुणी भांडलं नाही. एकेकीनं आपली उचलली आणि गेली.

अहवाल आला. ऑडिटरनं दोन गोष्टी धरल्या होत्या: प्रेसवरच्या कामगारांना दोन हातांची पद्धत अनोळखी दिसते, प्रशिक्षण द्यावं, आणि मुलाखत कंपनीच्या माणसाच्या मदतीनं घ्यावी लागली. म्हणजे तो माणूस आंधळा नव्हता. पण शेवटच्या पानावर होतं, ‘एका कामगाराच्या हाताला इजा, तिच्या स्वतःच्या निवेदनानुसार घरी झालेली’. प्रशिक्षणाचा अहवाल मी आठवड्यात लिहून दिला. त्यात टाळ्याही होत्या.

मग पॅकिंगमधून तिला काढलं. माल कमी झाला म्हणून.

तिनं अर्ज केला. तालुक्याच्या एका कचेरीत चौकशी लागली, सतरा साल उजाडलं होतं. कंपनीनं उत्तरात एकच कागद जोडला, ऑडिटरच्या अहवालाचं ते शेवटचं पान. मॅनेजर मला म्हणाला, “आपलं आपण लिहिलं तर लोक म्हणतात खोटं. हे तर बाहेरच्या माणसानं लिहिलंय, तिच्या तोंडचं.” मी ते पान हातात घेऊन उभा होतो. जे ऑडिट आमचा खोटेपणा पकडायला आलं होतं त्याचाच शिक्का आमच्या खोट्यावर बसला होता. आणि शाई माझी.

चौकशीच्या दोन दिवस आधी ती मला तलासरीच्या बाजारात भेटली. भाजीच्या रांगेत, मुद्दाम आली असावी.

“काका, परवा तुम्हाला बोलवलंय.”

“हो.”

“खरं सांगा असं मी म्हणत नाय. तुमची नोकरी जाईल.” डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत पिशवी अडकवून ती बोलत होती. “एवढंच सांगा, आमची बोली तुम्हाला नीट येत नाय. चुकलं असेल. मंग तो कागद पडतो. माझं मी बघते.”

मी थक्क झालो. आयुष्यभर मी थापा मारल्या, पण इतकी नेमकी, इतकी कमी, कुणालाच न दुखवणारी थाप मला सुचली नसती.

“तू त्या दिवशी मराठीत का नाही बोललीस, बाय?”

“तुमीच म्हणालेलात ना, एकीनं बोललं तर सगळ्यांचं काम जाईल.”

मी होकार दिला. घरी येऊन आरशासमोर उभा राहून पाठ करायला लागलो. ‘साहेब, मला ती बोली नीट येत नाही.’ बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय बडबडताय? मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, गाय धरून. तिनं कणकेचा गोळा परातीत झाकून ठेवला. मग म्हणाली, “जन्मात पहिल्यांदा अमुक येत नाही म्हणणार तुम्ही. ते पण खोटं. जमेल ना?”

“हा माझा धंदा आहे,” मी म्हटलं.

कचेरीत टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या, शांत, घाई नसलेल्या. डावीकडे मॅनेजर, उजवीकडे ती. मागे बाकावर पाड्यातली पाच-सात माणसं, त्यात एक म्हातारा, ज्याला मी लहानपणापासून ओळखत होतो. वडिलांच्या शाळेबाहेर तो बैल बांधायचा. त्यानं मला पाहून मान हलवली.

अधिकारी बाईंनी पान वाचलं आणि मला विचारलं, “निवेदनाचं भाषांतर तुम्ही केलं?”

“हो, बाई.”

“अर्जदार म्हणते की ते चुकीचं झालं. तुम्हाला यांची बोली कितपत येते?”

वाक्य जिभेवर होतं. पाठ केलेलं. मॅनेजर माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हता, तो मोबाइल पाहत होता. मला भीती वाटली असं म्हणालो तर तुम्ही समजून घ्याल, पण भीती नव्हती ती. मागे तो म्हातारा बसला होता, ज्याच्याशी मी पाच वर्षांचा असल्यापासून त्या बोलीत बोललो. भरल्या कचेरीत, त्याच्यासमोर, मला एखादी गोष्ट येत नाही असं म्हणायचं होतं. मला, ज्याच्या माशाचं शेपूट उंबरगावला पोचतं!

“येते, बाई,” मी म्हणालो. “आईच्या दुधासोबत आली. माझ्याहून बरी बोलणारा हद्दीपर्यंत सापडायचा नाही.”

बाकावर कुणीतरी हसलं. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिची पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज तेवढा ऐकला.

निकाल पंधरा दिवसांनी मिळाला. कंपनीची प्रत घ्यायला मी गेलो होतो, तिची घ्यायला ती. व्हरांड्यात तिनं कागद माझ्यापुढे धरला. मला वाटलं आता ती बोलेल, शिव्या देईल, आणि मी उत्तरं जुळवायला लागलोसुद्धा. सवय.

“वाचा,” ती म्हणाली. “लिवलंय तेवढंच.”

मी वाचलं. ‘अर्जदाराच्या स्वतःच्या पूर्वनिवेदनावरून, तसेच दुभाष्याने भाषेवरील प्रभुत्वाबाबत दिलेल्या खात्रीवरून, सदर इजा कामावर असताना झाल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ एवढंच होतं. अर्धं मिनिट लागलं.

तिनं ‘प्रभुत्व’ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. तिनं कागद छातीशी धरून उजव्या हातानं चार घड्या घातल्या. कासाची जीप भरत आली होती, ड्रायव्हर हाका मारत होता, आणि ती त्याला थांब म्हणून खूण करायला डावा हात वर करत पायऱ्या उतरून गेली.